बुगाटी टाइप ३५बी : बरीच वर्षं बंद असलेली गाडी उघडायची आहे, सुरुवात कुठून?

गॅस्केट यांचा प्रश्न:

बुगाटीच्या १९२० च्या दशकातल्या शर्यतीच्या टाइप ३५ घराण्यातल्या एका गाडीच्या दुरुस्तीची आखणी चालू आहे. कागदांवर ती ३५बी आहे, म्हणजे आठ सिलिंडर एका ओळीत, २.३ लिटर, सुपरचार्जरवाली (इंजिनात मिश्रण दाबून भरणारा पंप असलेली). कित्येक दशकं गाडी जागची हललेली नाही. इंजिन जागेवर आहे, सुपरचार्जर आहे, मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारं यंत्र) डॅशबोर्डातच बसवलेला आहे. बॉनेटला उजवीकडे रिलीफ व्हॉल्व्हचं (जादा दाब सोडणाऱ्या झडपेचं) भोक आहे, पण बॉनेटचा पत्रा बाकीच्या बॉडीपेक्षा नवा वाटतो.

चाकं अॅल्युमिनिअमची, आठ चपट्या आऱ्यांची. त्यांतल्या दोन चाकांचं ओतकाम उरलेल्या दोनांपेक्षा खरबरीत आहे. पुढचा अॅक्सल कोणीतरी क्रोम करून ठेवलाय. क्लच चिकटलेला आहे, पेडल दाबलं तरी सुटत नाही.

विचारायचं ते असं. गाडी खरंच ३५बी आहे का, हे इंजिन न उघडता कळेल का? रोलर बेअरिंगचा मूळ क्रँक (पिस्टनच्या ये-जा करण्याने फिरणारा मुख्य दांडा) ठेवावा की साध्या बेअरिंगचा नवा एकसंध क्रँक घालावा? आणि ही चाकं रस्त्यावर चालतील का? प्लगच्या भोकांतून तेल सोडून, दोन दिवस थांबून हँडलने इंजिन हलकेच फिरवून बघायचा विचार आहे. जाणकारांनी बोलावं.

---

पितळी_बुश यांचं उत्तर:

गॅस्केटराव, आधी हँडल काढून कपाटात ठेवा आणि कपाटाला कुलूप लावा. कारण बाकीचे सांगतीलच. मी ओळखीचं बोलतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात.

टाइप ३५ पहिल्यांदा शर्यतीत उतरली ३ ऑगस्ट १९२४ ला, ल्यों इथल्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये. बुगाटीच्या मोल्सहाइमच्या कारखान्याने पाच गाड्या नेल्या होत्या. गाडी उत्तम होती, टायरांनी घात केला. रबर नीट व्हल्कनाइझ झालेलं नव्हतं, पट्टे सुटून उडाले. शर्यत काम्पारीने अल्फा रोमिओ पी२ वर जिंकली. बुगाटीतला सगळ्यांत पुढचा शासान्य सातवा आला. पुढच्याच वर्षापासून चित्र पालटलं. १९२५ ते १९२९ सलग पाच वर्षं सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ शर्यत याच घराण्याच्या गाड्यांनी जिंकली : कोस्तांतिनी दोनदा, मातेरास्सी एकदा, दिवो दोनदा. १९२९ ची पहिली मोनॅको ग्रां प्री ग्रोव्हर-विल्यम्सने ३५बी वरच जिंकली.

हा इतिहास मुद्दाम सांगतोय. या गाड्या गिऱ्हाइकाला विकत मिळत होत्या आणि विकत घेणारा दर हंगामाला त्यात बदल करायचा. इंजिन एका गाडीतून दुसरीत, मागचा अॅक्सल तिसरीतून, बॉडी चौथीची. सगळे प्रकार धरून साधारण ३४० गाड्या झाल्या, पण आज ‘टाइप ३५’ म्हणून उभ्या असलेल्या गाड्या मोजायला बसलात तर आकडा त्याच्या बराच पुढे जातो. त्यात नव्याने बनवलेल्या हुबेहूब प्रतीही आल्या, आणि जुन्या चार तुकड्यांवर उभ्या केलेल्या गाड्याही आल्या.

प्रकार असे ओळखा. मूळ ३५ मध्ये बोअर (सिलिंडरचा व्यास) ६० आणि स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ८८ मिमी, म्हणजे १९९१ सीसी, सुपरचार्जर नाही. ३५टी मध्ये स्ट्रोक १०० मिमी झाला, २२६२ सीसी, पण सुपरचार्जर नाहीच. ३५सी म्हणजे ८८ चा स्ट्रोक अधिक सुपरचार्जर, आणि ३५बी म्हणजे १०० चा स्ट्रोक अधिक सुपरचार्जर. म्हणजे बाहेरून ३५बी आणि ३५सी वेगळ्या करणं जवळपास अशक्य. प्लग आडवे बसतात, त्यामुळे भोकातून सळई घालून स्ट्रोक मोजायची नेहमीची युक्ती इथे चालत नाही. ब्लॉक उचलल्यावर पिस्टनचा वरून खालपर्यंतचा प्रवास मोजा : ८८ की १००, तिथेच निकाल लागेल.

खरी भीती दुसरीकडे आहे. ३५ए ही स्वस्त आवृत्ती होती आणि संख्येने ती सर्वांत जास्त, १४० च्या आसपास. तिच्यात क्रँकला तीनच मुख्य बेअरिंग, कनेक्टिंग रॉडला साधी बेअरिंग, कॉइल इग्निशन आणि तारांची चाकं. खऱ्या ३५बी जेमतेम चाळीसच्या घरात. ३५ए ला सुपरचार्जर, अॅल्युमिनिअमची चाकं आणि डॅशबोर्डातला मॅग्नेटो चढवून ‘३५बी’ करण्याचा मोह किती जणांना झाला असेल, हे सांगायला नको. तुमच्या बॉनेटला भोक आहे म्हणून हुरळून जाऊ नका, पत्र्याला भोक कोणीही पाडतं. क्रँककेसमध्ये मुख्य बेअरिंगच्या जागा पाच की तीन, ते बघा. तिथे लबाडी करणं फार अवघड आहे.

आता आकड्यांचं. चॅसिस क्रमांक नुसता पाटीवर वाचू नका, पाटी नवी करता येते. इंजिनाच्या मागच्या पायावर ठोकलेला क्रमांक, चॅसिसच्या मागच्या आडव्या तुळईवरचा फ्रेम क्रमांक, गेअरबॉक्स, मागचा अॅक्सल, कॅमबॉक्स (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टची पेटी), सगळ्यांवरचे आकडे टिपा. सफाई फक्त रॉकेल आणि मऊ ब्रशने. सँडब्लास्टिंग, तारेचा ब्रश, एमरी पेपर, यांतलं काहीही आकड्याच्या जवळ नको. तिरप्या उजेडात फोटो काढा. ठोकलेल्या अंकांचा आकार, खोली, ओळीची तिरकी ठेवण या गोष्टी फोटोत दिसतात, आणि आजूबाजूचा भाग घासून खाली गेलेला असेल तर तेही दिसतं. बॉडीवर जुना निळा रंग असेल तर एका कोपऱ्यात थर उतरत उतरत जाऊन क्रम नोंदवा आणि मगच बाकीचा काढा. एकदा सगळा काढला की तो पुरावा परत मिळत नाही.

---

रॉकेल_अर्धा_लिटर यांचं उत्तर:

बुशभाऊंनी हँडल कपाटात ठेवायला सांगितलं, त्याचं कारण क्रँकमध्ये आहे.

हा क्रँक एकसंध नाही. तुकडे तुकडे जोडून केलेला आहे आणि तुकडे निमुळत्या खिळ्यांनी घट्ट आवळलेले असतात. असा का केला? कनेक्टिंग रॉडचं मोठं टोक अखंड आहे, त्याला दोन फाका नाहीत, त्यामुळे क्रँक सुटा केल्याशिवाय रॉड आणि रोलर आत जाऊच शकत नाहीत. पाच मुख्य बेअरिंगपैकी तीन बॉलची, मधली दोन रोलरची, आणि आठही बिगएंड, म्हणजे रॉडची मोठी टोकं, रोलरवर. तेलाचा दाब यात जवळपास नसतोच. जेटमधून तेल क्रँकच्या बाजूंवरच्या खाचांत उडतं आणि फिरण्याच्या जोराने बाहेर फेकलं जाऊन रोलरपर्यंत पोचतं.

गाडी दशकानुदशकं उभी असते तेव्हा रोलर आणि क्रँकची पिन जिथे टेकलेले असतात तिथे तेलाची फिल्म पिळून निघते, ओल शिरते आणि रोलरच्या लांबीएवढ्या बारीक गंजरेषा उठतात. त्या अवस्थेत हँडल मारलं की गंजाचे कण रोलर आणि पिनच्या मध्ये भरडले जातात. कडक केलेला थर एकदा ओरखडला की ती पिन नुसती पॉलिश करून वाचत नाही. आजवर सुस्थितीत असलेला क्रँक अर्ध्या फेऱ्यात भंगारात काढायचा असेल तर तुमचा बेत उत्तम आहे.

मग उघडायचं कसं? यात हेड वेगळं नाही. ओतीव लोखंडाचे चार-चार सिलिंडरचे दोन ब्लॉक, हेड त्यांच्यातच. म्हणजे व्हॉल्व्हसुद्धा खालून, बोअरमधूनच बाहेर येतात. त्यामुळे व्हॉल्व्हचं काहीही काम असलं तरी ब्लॉक उचलावाच लागतो.

आधी प्लगच्या भोकातून बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घाला आणि भिंती बघा. मग गंज सैल करणारं तेल आठही सिलिंडरमध्ये सोडा, इनलेटच्या वाटेनेही सोडा, आणि दोन दिवस नाही, दोन-तीन आठवडे रोज थोडं थोडं देत राहा. कॅमबॉक्स उतरवा. कॅमबॉक्स एकच असून दोन्ही ब्लॉकवर पसरलेला आहे, पुढच्या उभ्या शाफ्टवरच्या बेव्हल गेअरने तो फिरतो. उतरवताना बेव्हलखालचे शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या) कुठले, किती जाडीचे, हे मायक्रोमीटरने मोजून पाकिटात घालून ठेवा. ते परत अंदाजाने जुळवायचे म्हटलं तर दिवस जातात.

ब्लॉक उचलताना पहारीने उचकटू नका. ब्लॉकच्या तळाखालची क्रँककेसची अॅल्युमिनिअमची बाजू चेपते आणि पुढे तिथून तेल गळत राहतं. ब्लॉकला वरून पट्टी बांधून, चारही कोपरे सारखे उचलणारे स्क्रू लावून, एका वेळी अर्धा अर्धा मिलिमीटर घ्या. पिस्टन बोअरमध्ये अडकला असेल तर तो अडकलेलाच वर येऊ पाहतो आणि रॉड ओढतो, म्हणजे क्रँक फिरतो. ते टाळायला ज्या सिलिंडरमध्ये अडकलंय तिथे आणखी तेल, ब्लॉकला बाहेरून गरम हवा, आणि धीर.

ब्लॉक निघाल्यावर वरूनच क्रँक, रॉड आणि रोलरचे पिंजरे दिसतात. इथे पहिल्यांदा टॉर्च मारून बघा आणि तेव्हाच क्रँक ठेवायचा की नाही यावर बोला, त्याआधी नाही.

ब्लॉकमध्ये तडे कुठे असतात? व्हॉल्व्हच्या सीट आणि प्लगच्या भोकामधल्या चिंचोळ्या पट्टीत, आणि बाहेरच्या बाजूने पाण्याच्या भिंतीवर, जिथे पाणी गोठून भिंत फुगली असेल. प्रत्येक सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह, दोन इनलेट आणि एक मोठा एक्झॉस्ट, म्हणजे एकूण २४. एक्झॉस्टची सीट वारंवार कापून खोल गेलेली असते. पाण्याच्या जागेवर दाबाची चाचणी घ्या, पण थंड आणि गरम दोन्ही अवस्थांत. ८० अंशांना उघडणारी फट २० अंशांना बंद असते. नव्या सीटसाठी पातळ भिंतीचं कडं घालता येतं, पण भिंत किती जाड उरली आहे हे अल्ट्रासोनिक गेजने मोजल्याशिवाय कटर लावू नका, कारण आत पाणी कुठे आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

आणि दोन्ही ब्लॉकची उंची सारखी ठेवा. एकाचाच तळ किंवा माथा घासलात तर कॅमबॉक्स दोन वेगळ्या पातळ्यांवर बसतो, पिळवटतो, आणि कॅमशाफ्ट हाताने फिरेनासा होतो. दोन्ही सारखे पण जास्त घासलेत तर उभ्या शाफ्टचे बेव्हल एकमेकांत जास्त रुततात. ती भरपाई तळाच्या गॅस्केटच्या जाडीत करायची असते.

---

गॅस्केट:

हँडल कपाटात गेलं. बोअरस्कोप घातला : पुढच्या ब्लॉकमध्ये दोन बोअरना गंज आहे, मागचा ब्लॉक बराच स्वच्छ. आत सगळीकडे घट्ट, पिवळसर, लाखेसारखा थर बसलाय. पेट्रोलने हलत नाही. हे काय असावं?

---

रॉकेल_अर्धा_लिटर:

एरंडेल. त्या काळी शर्यतीच्या इंजिनात एरंडेलच घालत, आणि ते वर्षानुवर्षं हवेत राहिलं की वॉर्निशसारखं आळतं. ताजं एरंडेलसुद्धा पेट्रोलमध्ये धड मिसळत नाही, अल्कोहोलमध्ये मिसळतं. म्हणून मिथिलेटेड स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा, आणि अगदी कडक झालेलं असेल तर रंग उतरवायचं जेल. कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, क्रँककेस अॅल्युमिनिअमची आहे, सोडा ती खाऊन टाकेल.

तेलाच्या चेंबरमधून आरपार जाणाऱ्या तांब्याच्या नळ्या असतात, गाडी चालताना त्यातून वारा जाऊन तेल थंड होतं. त्या बाहेरून मातीने आणि आतून या लाखेने भरलेल्या निघतील. नळ्यांचे सांधे गळतात, तेव्हा साफ झाल्यावर चेंबरमध्ये रॉकेल भरून एक रात्र कागदावर ठेवा.

---

आऱ्यांचा_हिशेब यांचं उत्तर:

चाकांविषयी कोणीच बोललं नाही, आणि जीव घेणारा भाग तोच आहे.

या चाकात ब्रेकचा ड्रम चाकासकट एकच ओतलेला असतो. शर्यतीत चाक काढलं की ब्रेकचे शू समोर उघडे दिसतात, तपासणी फुकटात होते, कल्पना अफाट होती. पण त्याचा अर्थ असाही की ब्रेकची सगळी उष्णता थेट आऱ्यांच्या मुळात जाते. जुनं अॅल्युमिनिअमचं ओतकाम, शंभर वर्षांच्या जवळपास वय, कडेला आपटण्याचे धक्के, वर ही गरम-गार होण्याची ये-जा. तडे आऱ्याच्या मुळाशी आणि हबच्या भोकाभोवती सुरू होतात.

रंग पूर्ण उतरवा, पण मणी किंवा वाळू मारून नाही. त्या माऱ्याने मऊ धातू पसरतो आणि तड्याचं तोंड लिंपलं जातं, मग तपासणीत चाक ठणठणीत दिसतं. रासायनिक जेलने रंग काढा, मग डाय पेनेट्रंट (तड्यात शिरणारा रंगीत द्रव) लावा, किमान २०-३० मिनिटं मुरू द्या, पुसा, डेव्हलपर (तो रंग वर ओढणारी पावडर) मारा. त्यानंतर एक्स-रे, कारण ओतकामातली पोकळी पृष्ठभागावर येत नाही. तुमची दोन चाकं खरबरीत आहेत म्हणजे ती वेगळ्या ओतशाळेची, बहुधा नंतरची. ती वाईट असतीलच असं नाही. नव्या मिश्रधातूत ओतून उष्णताप्रक्रिया केलेली चाकं मूळ चाकांपेक्षा भरवशाची असतात.

ड्रमच्या आत लोखंडी लायनर, म्हणजे अस्तराचं कडं, आहे. अॅल्युमिनिअम गरम झाल्यावर लोखंडापेक्षा जवळपास दुप्पट फुगतं, म्हणजे जोराचे ब्रेक लागत असतानाच लायनरची पकड ढिली पडते. लायनर फिरलेला आहे का, हे लायनर आणि चाक या दोहोंवर मिळून एक रेघ ओढून तपासता येतं. थंड असताना लाकडी हातोडीने ठोकलं आणि आवाज फुटका आला तर तो लायनर आताच सुटलेला आहे.

माझं मत स्पष्ट आहे : मूळ चाकं तपासणीत उत्तीर्ण झाली तरी प्रदर्शनापुरती ठेवा. धावायला नवा संच करा आणि जुन्यांवर क्रमांकाची चिठ्ठी बांधून कोरड्या जागी रचून ठेवा. गाडीची किंमत त्यांच्यासकट मोजली जाते.

क्रोम केलेल्या अॅक्सलने मात्र झोप उडवली. बुगाटीचा पुढचा अॅक्सल पोकळ आहे, घडाई करून, आतून पोखरून, टोकं पुन्हा बंद केलेला, आणि पुढच्या स्प्रिंगचे पाटे त्याच्या आरपार जातात. मूळचा तो नुसता पॉलिश केलेला असायचा. क्रोमिंगच्या आधी आम्लात बुडवताना आणि नंतर मुलामा चढताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि जास्त ताकदीचं पोलाद ठिसूळ होतं. मुलाम्यानंतर काही तासांत साधारण २०० अंशांवर कित्येक तास भाजलं तरच तो बाहेर पडतो. चकाकीसाठी क्रोम करणाऱ्याने ते केलं असेल याची खात्री कोण देणार? आज भाजून तेव्हा पडलेले तडे सांधत नाहीत.

क्रोम आम्लाने नाही, कॉस्टिकच्या द्रावणात अॅनोडवर लावून उतरवा, त्यात नव्याने हायड्रोजन शिरत नाही. इथे कॉस्टिक चालतं कारण तुकडा पोलादी आहे. वरच्या लोकांचा इशारा अॅल्युमिनिअमपुरता आहे, गोंधळ नको. खाली निकेलचा थर निघाला तर त्याची पद्धत वेगळी, क्रोमवाल्याच्या भरवशावर सोडू नका. मग चुंबकीय कण चाचणी (पोलादातले तडे दाखवणारी), विशेषतः पाटे जिथे आरपार जातात त्या डोळ्यांच्या कडांना. एकही रेघ दिसली तरी वेल्डिंगचा विचार करू नका, अॅक्सल भिंतीवर टांगा आणि नवा घडवून घ्या. तीच चाचणी स्टिअरिंगच्या हातांना आणि किंगपिनला (पुढचं चाक जिच्याभोवती वळतं ती खीळ).

ब्रेक केबलचे आहेत, चारही चाकांना, मध्ये साखळी आणि गेअरने ताण वाटून देणारी रचना. जुन्या केबल आतून गंजतात, बाहेरून छान दिसतात. सगळ्या नव्या घाला. जोडल्यावर चाकं वर उचलून एकाने पेडल हळूहळू दाबायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक चाक फिरवत राहायचं. चारही चाकं एकाच वेळी घट्ट व्हायला हवीत. एक मागे राहत असेल तर आधी पुलीची धुरी तपासा, केबलची लांबी त्यानंतर.

---

साधं_बेअरिंग यांचं उत्तर:

क्रँकवर माझं वरच्या मंडळींशी थोडं वेगळं मत आहे. रोलर क्रँक ही पूजेची वस्तू नाही. रोलर जागेवर धरणाऱ्या पिंजऱ्याचा एक बार तुटला की रोलर तिरका होतो, पिन निळी पडते, आणि रॉड क्रँककेसच्या बाहेर येतो. ती क्रँककेस, म्हणजे ज्यावर गाडीची ओळख ठोकलेली आहे तोच तुकडा, मग कायमचा गेला. साध्या बेअरिंगचा एकसंध क्रँक घातला की दर काही शर्यतींनंतर उघडायची कटकट जाते आणि महत्त्वाचा तुकडा सुरक्षित राहतो.

---

रॉकेल_अर्धा_लिटर:

भीती रास्त आहे, उपाय पटत नाही. साध्या बेअरिंगला दाबाने तेल लागतं. इथला पंप आणि वाटा जेटसाठी आहेत. म्हणजे पंप मोठा करा, क्रँककेसमध्ये नव्या वाटा पाडा. जी क्रँककेस वाचवायची म्हणता तिलाच भोकं पडली. ते परत भरता येत नाही.

मधला मार्ग आहे आणि बहुतेक चांगल्या गाड्यांत तोच वापरला जातो : आजच्या पोलादातला नवा जोडणीचा रोलर क्रँक, नवे पिंजरे, नवे रॉड, सगळं मूळ मापात. क्रँककेसला हात लागत नाही, उद्या कोणाला मूळ क्रँक परत घालायचा असेल तर घालता येतो. रोलर एका रॉडमधले एकाच गटातले घ्या, व्यासात दोन मायक्रॉनपेक्षा जास्त फरक नको. जाड असलेले मोजके रोलर सगळा भार घेतात आणि तेच आधी जातात. जोडून झाल्यावर व्ही-ब्लॉकवर ठेवून प्रत्येक मुख्य जर्नलला डायल गेज लावा, एकूण थरथर ०.०३ मिमीच्या आत आणा. त्यापेक्षा जास्त असेल तर मधल्या बेअरिंगवर क्रँक वाकत फिरतो, आणि दोष नंतर बेअरिंगला दिला जातो.

---

पितळी_बुश:

रॉकेलरावांशी सहमत. एक जोड देतो. या गाडीत इंजिनाचे चार पाय चॅसिसला थेट आवळलेले असतात, मध्ये रबर नाही. इंजिन हीच चॅसिसची मधली आडवी तुळई आहे म्हणा ना. जुनी फ्रेम थोडी जरी पिळलेली असली तरी बोल्ट आवळताना पायाला ताण येतो आणि पाय मुळाशी तडकतो. म्हणून इंजिन परत बसवताना तीन बोल्ट हाताने लावा, चौथ्या पायाखाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. फट असेल तेवढ्या जाडीचा शिम द्या, बोल्टने खेचून फट मिटवू नका. प्रत्येक पायासाठी हेच करा. आणि क्रमांक असलेल्या पायावर वेल्डिंग करायची वेळ आली, तर आधी फोटो, ठसा आणि लेखी नोंद.

---

गॅस्केट:

सगळ्यांचे आभार. क्रँक मूळ ठेवायचा, वापरायला नवा करायचा, असं ठरतंय. बेअरिंगच्या जागा पाच आहेत, हे आज दिसलं. आता क्लच आणि पहिलं स्टार्ट याबद्दल कोणी सांगेल का? सुपरचार्जर मी उघडलेला नाही.

---

ओला_क्लच यांचं उत्तर:

क्लच तेलात चालणारा, अनेक प्लेटांचा, एक लोखंडी एक पोलादी अशा आळीपाळीने. चिकटण्याचं कारण बहुतेक तेच एरंडेल. स्क्रू ड्रायव्हरने प्लेटा विलगू नका, कडा वाकतात आणि मग क्लच कधीच पूर्ण सुटत नाही. बाहेर काढून स्पिरिटमध्ये भिजत ठेवा, आपोआप सुटतात. प्रत्येक प्लेट सपाट काचेवर ठेवून कडेने फीलर घाला. ०.१ मिमीच्या वर वाक असेल तर बदला.

भरायचं काय? पातळ इंजिन ऑइल आणि रॉकेल, निम्मं निम्मं, ही जुनी कृती आजही चालते. नुसतं जाड तेल घातलं तर थंडीत प्लेटा एकमेकींना ओढतात आणि पहिला गिअर कुरकुरत पडतो. रॉकेल जास्त झालं तर क्लच घसरतो. दर काही फेऱ्यांनी काढून धुवा, इंजिनाचं तेल मागच्या सीलमधून आत येऊन मिश्रण जाड होतं.

सुपरचार्जर न उघडता स्टार्ट करू नका. आत तीन पाकळ्यांचे दोन रोटर आहेत, एकमेकांना न टेकता फिरणारे. बेअरिंग झिजली किंवा टायमिंगच्या गेअरमध्ये खेळ वाढला की पाकळ्या टेकतात, आणि त्यातून निघालेला चुरा थेट सिलिंडरमध्ये जातो. पाकळ्यांवर घासल्याच्या चमकदार खुणा दिसल्या तर फट मोजायच्या आधी गेअर बघा. मॅनिफोल्डवरचा रिलीफ व्हॉल्व्ह हाताने दाबून स्प्रिंगसकट हलतो की नाही, ते पाहा. तो गंजून अडकलेला असेल आणि पातळ मिश्रणामुळे इंजिनाने मागे स्फोट मारला, तर दाबाला वाट मिळत नाही आणि कव्हर फुटतं. बॉनेटचं ते भोक त्याच्यासाठीच आहे. आणि कोणी मिथेनॉलवर चालवली असेल तर जेट मोठे केलेले असतील. मिथेनॉलला पेट्रोलच्या सुमारे दुप्पट इंधन लागतं. ते जेट ठेवून पेट्रोल घातलंत तर प्लग काळे आणि बोअर धुतलेले.

स्टार्टच्या आधी तेलाचा पंप ड्रिलने फिरवा. प्रत्येक जेटमधून धार निघतेय हे डोळ्यांनी पाहा. हे काम ब्लॉक बसवायच्या आधीच करा, नंतर दिसत नाही. डॅशवरचा दाबाचा काटा बघून समाधान मानू नका, इथे दाब मुळातच कमी असतो, आणि दोन जेट तुंबले तर काटा उलट वर चढतो.

सुरू झाल्यावर तेल कोमट होईपर्यंत मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या वर नेऊ नका. थंड, जाड तेलात रोलर फिरण्याऐवजी घसरतात. एरंडेल घालायचं की खनिज तेल, हे आताच ठरवा. एकदा खनिज घातलं की एरंडेल नको, उलटही नको. दोन्ही मिसळली की चोथा होतो आणि जेट बंद.

---

गॅस्केट:

एक शेवटची शंका. व्हॉल्व्हच्या फटीला स्क्रू दिसत नाही. अॅडजस्ट कशी करायची?

---

ओला_क्लच:

स्क्रू नाहीच. व्हॉल्व्हच्या दांड्यावर कडक पोलादाची टोपी असते, तिची जाडी बदलून फट बसवायची. २४ टोप्या काढताना कुठली कुठल्या व्हॉल्व्हवरची, ते लिहून ठेवा, मापं घ्या, आणि नव्या टोप्या थोड्या जाड बनवून घासत घासत मापात आणा. घासायचं ते टोपीच्या आतल्या तळाला, वरच्या गोलसर बाजूला नाही. वरचा कडक थर गेला की रॉकर तिथे खड्डा पाडतो आणि फट पुन्हा वाढते. सीट नव्या केल्या असतील तर सगळं घासणं सीट लॅप करून (व्हॉल्व्हशी घासून जुळवून) झाल्यावरच सुरू करा, नाहीतर दोनदा करावं लागेल.